केटी लागली तरी स्कॉलरशिप कशी टिकवायची

निकाल लागला की आठवडाभर माझा फोन थांबत नाही. गावाकडची पोरं, त्यांच्या ओळखीची पोरं, सगळ्यांचा मेसेज तोच, दादा केटी लागली, दोन विषय राहिले, स्कॉलरशिप जाईल का. बहुतेक वेळा उत्तर "नाही जाणार" असंच असतं. पण हे उत्तर ऐकून पोरं निवांत होतात आणि मग ज्या गोष्टीने खरंच जाते ती करून बसतात, म्हणून यावेळी सगळं नीट लिहून काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सटाण्याकडचा, घरी कांदा, नाशिकला इंजिनिअरिंग केलं. सेकंड इयरला माझे चार विषय राहिले होते, चार. रूम पार्टनरचा एकच राहिला होता. मला स्कॉलरशिप आली, त्याला नाही आली. तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही, त्याला वाटलं मी काहीतरी सेटिंग लावली. सेटिंग कसली डोंबलाची. झालं असं होतं की मी चारही पेपरला बसून नापास झालो होतो, आणि तो त्या एका पेपरच्या दिवशी "तयारी नाहीये भो, पुढच्या वेळी बघू" म्हणून झोपून राहिला होता, वर हजेरी पण तोळामासा. आमच्या योजनेत परीक्षेला बसणं ही अट आहे, पास होणं ही नाही. एवढाच फरक, पण अर्ध्या फीचा फरक.

पुढच्या वर्षी मात्र माझी स्वतःची गेली, ते पुढे सांगतो.

तर पहिलं काम म्हणजे आपली योजना नेमकी कुठली ते शोधा. हसू नका, दहातल्या सहा पोरांना माहीत नसतं. "महाडीबीटी" हे स्कॉलरशिपचं नाव नाहीये, ते राज्य सरकारचं पोर्टल आहे, त्याच्यावर पन्नास योजना आहेत, समाजकल्याणच्या वेगळ्या, आदिवासी विकासच्या वेगळ्या, तंत्रशिक्षण आणि उच्चशिक्षणच्या वेगळ्या, आणि प्रत्येकीचा नियम वेगळा. पोर्टलवर योजनेच्या नावावर क्लिक केलं की पात्रता म्हणून एक लांबलचक यादी येते, ती कोणी वाचत नाही कारण पहिल्या वर्षी फॉर्म कॅफेवाल्याने भरलेला असतो. ती यादी वाचा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यात "रिन्युअल" किंवा आधीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी जे लिहिलंय तेच आपल्या कामाचं, बाकीचं पहिल्या वर्षी होऊन गेलं.

सगळ्यात जास्त पोरं ज्यात आहेत ती राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसीच म्हणतात. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश, तर मुलांना ट्यूशन फी आणि परीक्षा फीचे निम्मे पैसे. मुलींचं २०२४-२५ पासून बदललं, व्यावसायिक कोर्सला कॅपमधून आलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण सरकार भरतं, उत्पन्नाची अट तीच ८ लाख. आता यात टिकून राहायची अट काय, तर प्रत्येक सेमिस्टरच्या परीक्षेला बसलेलं पाहिजे, मागच्या सेमिस्टरला ५० टक्के हजेरी पाहिजे आणि कोर्स चालू असताना दोन वर्षांचा किंवा त्याहून मोठा गॅप नको. बघा यात मार्कांचे टक्के कुठेच नाहीत. चार बॅक घेऊन मी त्यातच बसलो. घरातल्या पहिल्या दोनच अपत्यांना मिळते हे पण लक्षात ठेवा, मोठ्या दोघांनी घेतली असेल तर तिसऱ्याने आधीच दुसरं काही बघावं. आणि एक, खासगी विद्यापीठात ॲडमिशन असेल तर ही योजना नाही, आपल्याकडे एकाच रोडवर कॉलेज पण आहे आणि विद्यापीठ पण आहे, पाटी नीट वाचून प्रवेश घ्या, नंतर रडून उपयोग नसतो.

समाजकल्याणवाल्या पोस्ट मॅट्रिकचं, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाच्या स्कॉलरशिपचं गणित वेगळं. एससीसाठी जी भारत सरकारची आहे तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, त्याच्या वर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. व्हीजेएनटी, ओबीसी, एसबीसीच्या वेगळ्या योजना आहेत. इथे हजेरी ७५ टक्के धरतात. आणि नापास व्हायचा नियम असा, की ज्या वर्षी नापास झालात त्या वर्षीची परीक्षा फी आणि निर्वाह भत्ता मिळतो, पण मग पुढच्या वर्गात जाईपर्यंत बंद. म्हणजे वर्ष रिपीट करताना खिशातून. पुढच्या वर्गात गेलात की परत चालू होते, कायमची बंद होत नाही, हे पोरांना माहीतच नसतं आणि ती परत फॉर्मच भरत नाहीत! एका पोराने असे दोन वर्षांचे पैसे सोडले, कारण कोणीतरी त्याला सांगितलं की एकदा तुटली की तुटली.

एससीच्या स्कॉलरशिपमधे अजून एक गोष्ट नीट समजून घ्या. यातला ६० टक्के केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा हिस्सा असतो, आणि केंद्राचा हिस्सा थेट तुमच्या आधार लिंक खात्यात येतो. त्यातली कॉलेजची फी पैसे आल्यापासून ७ दिवसांत कॉलेजला भरायची असते. पोरांना वाटतं लॉटरी लागली. मोबाईल येतो, फी तशीच राहते, मग कॉलेज पुढच्या वर्षीच्या फॉर्मला हात लावत नाही.

आपल्या सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबककडच्या एसटी पोरांचं बरंचसं आदिवासी विकास विभागाकडे असतं आणि त्यात सोय अशी की त्यांचं आयुक्तालयच नाशिकला आहे, जुन्या आग्रा रोडला गडकरी चौकात आदिवासी विकास भवन. समाजकल्याणचं काम असेल तर नाशिक पुणे रोडला नासर्डी पुलाजवळ सामाजिक न्याय भवन. पण थेट तिकडे पळू नका, नव्वद टक्के वेळा फॉर्म कॉलेजच्याच खिडकीत अडकलेला असतो आणि तिकडचे लोक परत कॉलेजलाच पाठवतात, सिटीलिंकचं तिकीट वाया.

आता जिथे खरोखर मार्कांचे टक्के लागतात ती. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची सेंट्रल सेक्टर स्कीम, बारावीत बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमधे आलेल्या पोरांना मिळते, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, डिग्रीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२ हजार, पीजीला २० हजार. हिला पुढच्या वर्षी चालू ठेवायला वार्षिक निकालात निदान ५० टक्के आणि ७५ टक्के हजेरी, दोन्ही. माझ्या चुलत बहिणीच्या वर्गात दोघी मैत्रिणी, दोघींना ४८ टक्के पडले, एक ईबीसीत होती ती तशीच पुढे गेली आणि दुसरी सेंट्रल सेक्टरमधे होती तिची बंद पडली. मार्क सारखे, नशीब वेगळं नाही, योजना वेगळी. आणि दोन्ही एकदम घेता येत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी निवडतानाच स्वतःशी प्रामाणिक राहा, अभ्यासाचा वकूब ओळखा. ही योजना रेग्युलर कोर्सलाच आहे, मुक्त विद्यापीठातून डिग्री करणाऱ्यांना नाही, डिप्लोमालाही नाही.

मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती स्कॉलरशिप, वर्षाला ५० हजार, टेक्निकल डिग्री किंवा डिप्लोमा, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्न ८ लाखांच्या आत. हिला दरवर्षी पुढच्या वर्गात गेल्याचं प्राचार्यांचं पत्र आणि मार्कशीट लागतं. वर्ष अडकलं की थांबली. छान योजना आहे आणि आपल्याकडच्या पोरी भरतच नाहीत, का ते मला कळलेलं नाही.

आता "पुढच्या वर्गात गेला" म्हणजे काय यावर फार गोंधळ आहे. केटी लागणं आणि वायडी लागणं या दोन गोष्टी पोरं एकच समजतात, आईवडील तर समजतातच. एटीकेटी म्हणजे टर्म चालू ठेवायची परवानगी, म्हणजे विषय राहिलेत पण तुम्ही पुढच्या वर्गात आहात. स्कॉलरशिपच्या भाषेत तुम्ही प्रमोट झालात. वायडी म्हणजे वर्ष गेलं, पुढच्या वर्गात प्रवेशच नाही. किती विषयांपर्यंत केटी चालते हे तुमच्या पॅटर्नवर, म्हणजे तुमची बॅच ज्या अभ्यासक्रमात आहे त्याच्यावर आहे. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या २०१९ पॅटर्नला पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट, त्यातले निम्मे म्हणजे २२ मिळाले की सेकंड इयरला जाता येतं. पण थर्ड इयरला जाताना पहिल्या वर्षाचं सगळं क्लिअर पाहिजे. इथेच पोरं आपटतात. फर्स्ट इयरचा एम टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, दोन वर्षं उशाशी घेऊन झोपतात, सेकंड इयर अख्खं पास, आणि त्या एका विषयाने वायडी. स्कॉलरशिप त्याच्या मागोमाग जाते. म्हणून दर निकालाला किती विषय राहिले हे मोजू नका, कुठल्या वर्षाचे राहिले ते मोजा. जुना विषय आधी काढायचा, नवा राहिला तरी चालेल. तुमचा पॅटर्न नवा असेल तर त्याचा नियम कॉलेजच्या परीक्षा विभागातून लिखित घ्या, सिनियरच्या तोंडी नियमावर जाऊ नका, त्याचा पॅटर्न वेगळा होता.

मार्कांवर शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि मग रिव्हॅल, म्हणजे फेरतपासणी, दोन्हीची मुदत छोटी असते, निकालाच्या दुःखात ती निघून जाते. रिव्हॅलमधे विषय निघाला तर नवीन मार्कशीट स्कॉलरशिप खिडकीवर नेऊन द्यायचं, ते आपोआप कोणाला कळत नसतं.

हजेरीचं बोलू. ७५ टक्के म्हणजे किती हे आधी आकड्यात काढा. समजा सेमिस्टरला २४० लेक्चर होणार, म्हणजे १८० बसायचीत, ६० बुडवली तरी चालतील. ऐकायला भरपूर वाटतं. आता अर्धी टर्म झाली, १२० झाली आणि तुम्ही ७२ बसलात, म्हणजे ६० टक्के. राहिलेल्या १२० पैकी आता १०८ बसावी लागतील, म्हणजे ९० टक्के, म्हणजे आजारी पण पडायचं नाही, लग्नाला पण जायचं नाही. म्हणून हिशोब टर्मच्या शेवटी कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर नाही, गणपतीत करायचा. सकाळी पिंपळगाव किंवा सिन्नरहून एसटीने येणारी पोरं पहिलं लेक्चर रोज बुडवतात, पाच लेक्चरच्या दिवसात रोज एक बुडालं की तिथेच २० टक्के गेले, बाकी काही न बुडवता. पहिल्या लेक्चरच्या सरांना स्वतः जाऊन सांगा गाडी इतक्याला पोचते, काही सर समजून घेतात, काही नाही घेत, पण सांगितलेलं बरं.

आजारपण, अपघात, घरात कोणी गेलं, यामुळे परीक्षाच चुकली तर? डेंग्यू आपल्याकडे पावसाळ्यात असतोच. अशा वेळी हातावर हात ठेवून बसू नका. केंद्राच्या पोस्ट मॅट्रिकच्या नियमांमधे जुन्यापासून अशी तरतूद आहे, की आजाराने किंवा अचानक आलेल्या अडचणीने वार्षिक परीक्षेला बसता आलं नाही तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊन आणि प्राचार्यांची खात्री पटवून पुढच्या वर्षीची स्कॉलरशिप चालू ठेवता येते, प्राचार्यांनी लिहून द्यायचं असतं की हा बसला असता तर पास झाला असता. म्हणजे सगळं प्राचार्यांच्या सहीवर. म्हणून ॲडमिट असतानाच घरच्या कोणाला तरी अर्ज घेऊन कॉलेजला पाठवा, पोच घ्या, शिक्का मारून घ्या. तीन महिन्यांनी नेलेल्या सर्टिफिकेटवर कोण विश्वास ठेवणार, मी क्लार्क असतो तर मी पण ठेवला नसता.

माझा एक मावसभाऊ तिकडे अमेरिकेतच जन्मलेला, त्याच्याकडून तिकडचं कळलं. तिकडे सरकारी मदत चालू ठेवायला दुसऱ्या वर्षाअखेर साधारण सी ग्रेडची सरासरी लागते आणि डिग्रीला जितके क्रेडिट असतील त्याच्या दीडपटीच्या आत डिग्री संपली पाहिजे, १२० ची डिग्री असेल तर १८० पर्यंत. नापास झालेले, मधेच सोडलेले विषय पण त्या १८० मधे धरतात. घसरलात तर अपील करता येतं, आणि त्या अर्जात दोन गोष्टी लिहाव्या लागतात, काय झालं होतं आणि आता काय बदललंय. हे मला फार आवडलं. आपल्याकडे पोरं अर्जात नुसतं "तरी कृपया विचार व्हावा ही नम्र विनंती" लिहितात. त्याऐवजी तारखा लिहा, कुठल्या दवाखान्यात किती दिवस होतो, आता तब्येत कशी, पुढच्या सेमिस्टरला कुठले विषय देणार. तीन ओळी जास्त लागतात, पण वाचणाऱ्याला सही करायला काहीतरी कारण मिळतं.

कोर्स किंवा कॉलेज बदलायचं मनात असेल तर आधी स्कॉलरशिप खिडकीवर विचारा आणि मगच दाखला काढा. परवानगी न घेता बदललं तर पोस्ट मॅट्रिक बंद पडू शकते. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांनी रिन्युअल शोधत बसू नये, तुमचा कोर्स नवीन आहे, फॉर्म पण नवीन.

आता माझी कशी गेली ते. थर्ड इयरला माझं सगळं क्लिअर होतं, हजेरी बरी होती, फॉर्म वेळेत भरला, आणि मी विसरलो. कॉलेजने तो "सेंड बॅक" केला होता, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली होती म्हणून. मला कोणी सांगितलं नाही, पोर्टलवरचा मेसेज जुन्या नंबरवर गेला जो मी कधीच बंद केला होता. मार्चमधे खिडकीवर गेलो तेव्हा तिथले साहेब म्हणाले, तुझा तर नोव्हेंबरपासून तुझ्याकडेच पडलाय. उरलेली फी वडिलांनी कांद्याच्या पैशातून भरली, त्या वर्षी भाव काय होता ते विचारू नका.

म्हणून फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. रिन्युअल दरवर्षी स्वतः करावं लागतं. आधी प्रोफाइलमधे चालू कोर्सला नवीन वर्ष जोडा, मागच्या वर्षाचा निकाल जसा आहे तसा भरा. केटी असेल तर केटीच लिहा, पास लिहून मार्कशीट केटीचं जोडलं तर फॉर्म परत येणारच. मग उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख बघा, संपली असेल तर सेतूत किंवा महा ई सेवा केंद्रात आत्ताच टाका, दिवाळीनंतर सगळ्यांची गर्दी होते. फॉर्म सबमिट केल्यावर प्रिंट आणि कागद कॉलेजला द्या आणि कोणाला दिले, कुठल्या तारखेला, ते वहीत लिहून ठेवा. त्यानंतर दर सोमवारी एकदा लॉगिन करून स्टेटस बघा. आधी कॉलेज तपासतं, मग विभाग, कुठल्याही टप्प्यावर परत येऊ शकतो, आणि परत आला की दुरुस्त करून पाठवायला मोजके दिवस असतात. मुदतवाढ मिळते दरवर्षी, खरंय, पण त्याच्या भरवशावर राहू नका, एखाद्या वर्षी नाही मिळाली म्हणजे?

बँकेचं पण तपासा. पैसे पासबुक जोडलेल्या खात्यात येत नाहीत, आधार ज्या बँकेला शेवटचं सीड केलंय, म्हणजे जोडलंय, तिकडे जातात. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं. कुठल्यातरी ऑफरसाठी नवीन खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असतील, आणि तुम्ही इकडे रोज बॅलन्स बघत बसलाय.

आणि वायडी लागलाच असेल तर. एक, घरी लगेच सांगा, खोटं बोलून स्कॉलरशिप लांबलीय असं सांगणाऱ्यांची पंचाईत मी पाहिलीय. दोन, कॉलेजला लेखी अर्ज करा की उरलेली फी हप्त्याने भरतो, बरीच कॉलेजं ऐकतात. तीन, पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे, तुमच्या कॉलेजात चालू असेल तर विद्यार्थी विकास मंडळाच्या सरांना भेटा. तासावर पैसे मिळतात, फार नाहीत, पण मेसचं निघतं. आणि राहिलेले विषय काढून पुढच्या वर्गात गेलात की पहिल्याच आठवड्यात परत फॉर्म भरा, त्या योजनेत चालत असेल तर तुमचा हक्क आहे तो, कोणी "तुझी तर तुटली होती ना" म्हणालं तर पात्रतेचा तो स्क्रीनशॉट दाखवा.

मेसेज करताना नुसतं "दादा जाईल का" असं विचारू नका. योजनेचं नाव, कुठलं वर्ष, कुठल्या वर्षाचे किती विषय राहिले, पेपरला बसला होतास का, आणि पोर्टलवर आत्ता स्टेटस काय दिसतंय, एवढं लिहा. निम्म्या लोकांना हे लिहितानाच उत्तर सापडतं.